हापसीविषयी विचारायचं होतं

किन्हीराजा, ता. ९ जून १९७५

चि. ज्ञानूस,

पत्र तुझ्या आईचं आहे, अक्षर शिखरचंदचं. आधीच सांगते, नाहीतर चुलतभावाचं काहीतरी काम अडलं असेल असं वाटून तू पाकीट बाजूला टाकशील. (हे लिहिताना तो तोंड वाकडं करतो आहे.) तुझा पत्ता मनीऑर्डरच्या कागदावरून घेतला. दोन वर्षं झाली, मनीऑर्डर येते आणि खाली मजकुराची जागा कोरी असते. पोस्टमन ती दरवेळी उलटून पाहतो, मग मी पाहते.

काम हापसीचं आहे. दुष्काळात तू मशीन आणून शाळेच्या कोपऱ्यावर बोअर घेतलास, त्यावरची. वीस दिवस झाले, दांडा वरखाली होतो आणि पाणी येत नाही. मेकॅनिकला निरोप गेला आहे, तो लग्नसराई उरकून येणार म्हणे. कोणाची लग्नसराई ते कळलं नाही. बाया पुन्हा नाल्याकाठच्या विहिरीवर जायला लागल्या आहेत.

मी हापसीचं पाणी पीत नाही, मग मला काय पडलंय, असं तू म्हणशील. पण तांड्यावरची रुपाबाई, जी आपल्या दुकानाची पोती वाहते, ती काल ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "शेटाणी, तुमच्या पोरानं जिमिनीतून पानी काढलं. आता ते कुठं गेलं हेबी त्यालेच इचारा ना." म्हणून विचारते.

शिखरचंद म्हणतो, "काकू, आनखी काई लिहू?" मी म्हटलं, एवढंच. दांडा हलतो, पाणी नाही. काय झालं असेल ते कळव.

तुझी बाई

ता. ३ ऑगस्ट १९७५

चि. ज्ञानूस,

तुझा कागद पोहोचला. वर नाव नाही, खाली सही नाही, मधे हापसीचं चित्र. चित्र शिखरचंदला समजलं नाही, मला समजलं. पाइपाच्या तळाशी चामड्याची वाटी असते, ती झिजली की पाणी धरत नाही. पाइप वर ओढायचे, वाटी बदलायची, नवी वाटी आधी तेलात भिजवायची. 'चामड्याची' या शब्दाखाली तू दोन रेघा ओढल्यास. खोचकपणा बापाचा घेतलास.

वाटी मीच आणली. कारंज्याला देवदर्शनाला जायचंच होतं. एका पिशवीत केशर, बदाम आणि दुसऱ्या पिशवीत चामड्याच्या दोन वाट्या. एसटीत दुसरी पिशवी मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली, आणि सगळा रस्ता ती कोणाला लागू नये म्हणून पाय आखडून बसले.

रुपाबाईचा नवरा खेमा आणि तांड्यावरचे पाच जण पाइप ओढायला आले. मी तुझा कागद घेऊन उभी. वाचता येतं म्हणून मान मिळाला. खेमाने वाटी बसवली ती उलटी. मी म्हटलं, तोंड वर पाहिजे, चित्रात बघ. त्याने पुन्हा उलटीच बसवली. तेव्हा रुपाबाई म्हणाली, "मंग तुमीच लावा ना जी. चामडं काई चावत नाई." मी पदराने धरली तर ती तेलाने निसटली. मग हाताने धरली. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली, हे लपवत नाही. पण पाणी आलं.

शिखरचंद म्हणतो, ज्ञानचंदची तब्येत विचारू का? मी नको म्हटलं. तब्येत विचारली तर तू उत्तर देणार नाहीस, हे मला कळतं. हापसीचं विचारते. वाटी किती महिने टिकते?

बाई

ता. १८ फेब्रुवारी १९७६

चि. ज्ञानू,

हे अक्षर माझं आहे. ओळी उताराला लागल्या आहेत, सांभाळून घे. पोथीतली छापील अक्षरं मी वाचत होते, पण लिहायला हात वळत नव्हता. सहा महिने पाटीवर तीच अक्षरं गिरवली. चोपन्नाव्या वर्षी. ओट्यासमोरून जाणारा येणारा विचारतो, "काकू, आता कोनती परीक्षा देता?" मी म्हणते, हापसीची.

शिकायचं कारण शिखरचंद. मी दहा वाक्यं सांगते, तो चार लिहितो आणि बाकीची त्याला बरी वाटत नाहीत म्हणून सोडून देतो. मधे गेलेल्या पत्रात मी तुला विचारलं होतं की वाटी किती तास भिजवायची. त्याने लिहिलं, 'काकू सुखरूप आहेत.' तू त्याला उत्तर पाठवलं नाहीस ते बरोबरच केलंस.

दुसरं असं की काही गोष्टी त्याच्यासमोर बोलता येत नाहीत. कंचनचं नाव तू नवरा असून घेत नाहीस, मी सासू असून घेत नाही. गावाला जेवढं ठाऊक आहे तेवढं ठाऊक आहे: दुष्काळात नाल्याच्या विहिरीवर गेली, जिवाणी सोडायला वाकली आणि तोल गेला. आज एवढंच लिहिते. अक्षर अजून पक्कं नाही.

प्रश्न हा. विहिरीचं पाणी गाळलं की कापडावर अडकलेले जीव, म्हणजे जिवाणी, आपण कडीच्या बादलीने पाण्याला टेकवून त्याच विहिरीत अलगद सोडतो. हापसीला तोंड बंद. पाणी वर येतं, पण जिवाणी खाली कशी जाणार? तुमच्या मशीनवाल्यांनी याचा काही विचार केला आहे का? बारीक पाइप शेजारून सोडता येईल का? मी चेष्टा करत नाही, खरंच विचारते.

बाई

ता. ३० मे १९७६

चि. ज्ञानू,

या वेळी अख्खी तीन वाक्यं लिहिलीस. 'बोअरमध्ये वरून काहीही सोडायचं नाही, गाव आजारी पडेल. दोनशे फुटांवरच्या पाण्यात जीव दिसले तर आधी मला कळव. न पाहता बोलू नकोस.' शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. ओरडलास तरी माझ्याशी बोललास.

म्हणून पाहिलं. कारंज्याहून भिंग आणलं. चाळीस दिवस रोज एक घागर हापसीवरून भरली, दुहेरी कापडातून गाळली आणि कापड उन्हात धरून भिंगाने पाहिलं. वहीत लिहून ठेवलं आहे. नवव्या दिवशी एक मुंगी, ती घागरीच्या काठावरची होती, तिला निंबाच्या बुंध्याशी सोडलं. तेवीस आणि चोवीस तारखेला गंजाचे कण. बाकी दिवस काही नाही. नाल्याच्या विहिरीचंही एकदा तसंच पाहिलं. त्यात काय काय वळवळत होतं ते लिहीत नाही, तू जेवायला बसला असशील.

डोळ्यांना न दिसणारे असतीलच, शास्त्र खोटं नाही. पण माझा मुद्दा हरला, हे लिहून देते. तुझ्या वडिलांना मी असं कधी लिहून दिलं नव्हतं.

तरी मी ते पाणी अजून पीत नाही. त्याचं कारण आता वेगळं आहे आणि ते आज विचारू नकोस.

गंजाचे कण रोज वाढले तर पाइप बदलायचा, की एखादीच कांडी?

बाई

ता. २ ऑक्टोबर १९७७

चि. ज्ञानू,

विमानाच्या पत्रावरचं तिकीट पोस्टमनने मागितलं, दिलं नाही. मस्कत कुठे आहे ते शाळेतल्या नकाशावर मास्तरांनी दाखवलं. बोटभर अंतर आहे, मधे निळं. मी म्हटलं, एवढंच? मास्तर हसले. अनंतपूरला होतास तेव्हा निदान जमीन एक होती.

तू लिहिलंस, 'इथलं मशीन नवीन आहे. दहा वर्षांचं काम इथे उपयोगी नाही, पहिल्यापासून शिकतो आहे. कोरियाचे, इराणचे, पाकिस्तानचे लोक आहेत. जो मागे राहतो त्याला परतीचं तिकीट देतात.' स्वतःबद्दलच्या या पहिल्या ओळी. वाचून आधी आनंद झाला, मग वाटलं, द्यावं की रे यालाही एखादं परतीचं तिकीट. मग स्वतःचीच लाज वाटली. तू शीक. मागे राहू नकोस. कोणाला विचारायला कमीपणा मानू नकोस. मी खेमाला विचारते, लोहाराला विचारते, परवा आसेगावच्या एका बाईला विचारलं, तिला तर माझ्याहून जास्त येत होतं.

आता आसपासच्या पाच गावांच्या हापस्यांना मी आणि रुपाबाई जातो. पान्हा माझ्याकडे, दोर तिच्याकडे. लोक म्हणतात, शेटाणीला म्हातारपणी हे काय सुचलं. रुपाबाई त्यांना म्हणते, "तुमच्या घरचं पानी बंद पडलं का मंग समजन." चामड्याला आता मी आंघोळ करत नाही, हात धुते.

संध्याकाळी पान्हा पुसून ठेवते तेव्हा तुझी आठवण येते. म्हणजे इतर वेळी येत नाही असं नाही. पण तुझ्या हाताला हाच तेलाचा वास यायचा आणि मी तुला ओसरीवरच थांबवायचे, आत येऊ द्यायचे नाही. आता माझ्या हाताला येतो.

दांडा खाली नेताना करकरतो. ग्रीस कुठून घालायचं?

बाई

ता. ७ सप्टेंबर १९७९

ज्ञानू,

गावात नवीन हापसी बसली. जाड पोलादाची, आत साखळी असलेली. अकरा महिने झाले, एकदाही बिघडली नाही. पाचही गावांत हीच बसली. सगळे खूश आहेत. मीही असायला हवं. पण पान्हा खुंटीला टांगून आहे, आणि तुला विचारायला माझ्याजवळ काही उरलं नाही. आठ महिन्यांत तुझा कागद नाही, कारण माझा प्रश्न नाही.

आज क्षमावणी. शिखरचंदने कारंज्याहून छापील कार्डं आणली, 'कळत नकळत झालेल्या अपराधांची क्षमा असावी.' दरवर्षी सगळ्या घराच्या वतीने एक तुला जातं. या वर्षी मी त्याला म्हटलं, माझं नाव घालू नकोस. माझा अपराध कळत केलेला आहे, त्याला छापील कार्ड चालत नाही.

बोअर झाला त्या दिवशी गावातलं कोणी पाणी भरायला पुढे आलं नाही. शेटजीचं घर काय करतं ते सगळे पाहत होते. जेवताना तू कंचनला म्हणालास, "उद्या पयली घागर तू भर. तू भरली का गाव भरन." तिने माझ्याकडे पाहिलं. तू ताट सरकवून उठलास. "तूबी बाईचीच," एवढं बोलून पहाटे मशीनबरोबर पुढच्या गावाला गेलास. तिच्याशी तुझं ते शेवटचं बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोथी मिटून पाणी प्यायला उठले. घागर भरलेली होती. लोखंडाचा वास आला. मी विचारलं, हे कुठलं? ती म्हणाली, "आत्याबाई, हापसीचं हाय. तुमी रागवा मले. पन ते घरी आले का त्याईले मी हेच पानी देनार हाय." ती हसत होती, ज्ञानू. घाबरली होती आणि हसत होती.

मी घागर उचलली आणि अंगणात ओतली. त्या वर्षी, त्या उन्हात. तिच्या हातात कडीची बादली दिली आणि म्हटलं, "नाल्यावरून आन. अन् जिवानी सोडूनच ये." पाचवा महिना होता, मला ठाऊक होतं. विहिरीत पाणी तळाला गेलं होतं, बादली टेकेपर्यंत सोडायची तर अर्धं अंग आत झुकवावं लागतं, हेही ठाऊक होतं. डोक्यावर पदर घेऊन ती गेली.

तू आलास तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "नेमाची होती पोर. तिनं हापसीले हातबी लावला नाई. आपल्या मनानंच गेली." गावाने माना हलवल्या. तू तिच्या चितेपाशी रडला नाहीस. मी पाहत होते. तू तिच्यावर रागावला होतास. आपलं ऐकलं नाही, आईचा हट्ट धरला आणि जीव घालवला, असं तुला वाटलं. तेव्हा एका वाक्याने मी ते सारं फिरवू शकले असते. वाटलं, सांगितलं तर पोरगा जाईल. नाही सांगितलं, तरी तू गेलासच. सहा वर्षं मी तुला तुझ्या मेलेल्या बायकोवर रागावू दिलं.

धर्माच्या माथी मी काही मारत नाही. धर्माने मला मुंगी वाचवायला सांगितलं होतं. पाचव्या महिन्याची सून उन्हात धाडायला सांगितलं नव्हतं. घरात माझा शब्द मोडला, तोही हसत मोडला, याचा मला राग आला होता. त्यात दुसरं काही नव्हतं.

हापसीचं पाणी मी का पीत नाही, ते आता तुला कळलं. पहिली घागर तिने भरली होती. ती मी ओतली. ते पाणी कोणत्या तोंडाने पिऊ?

तुझी क्षमा मागत नाही, मागायची हिंमत नाही. तिने तुझं ऐकलं होतं, एवढं तुझ्यापर्यंत पोहोचलं म्हणजे झालं. पत्र मी स्वतः मालेगावच्या पोस्टात टाकणार आहे. इथल्या पेटीत टाकलं तर पोस्टमन परत देतो का म्हणून मागे धावेन, माझा भरवसा नाही.

पानाबाई

ता. २० डिसेंबर १९७९

ज्ञानू,

उत्तर नाही. तीन महिने झाले. येईल असं मी धरलं नव्हतं, पण रोज पोस्टमन येतो त्या वेळी ओट्यावर असते, ते काही सुटत नाही.

गेल्या आठवड्यात इथल्या शाळेत बायांना हापसी शिकवायचा वर्ग भरला. सरकारी माणूस आला होता. त्याला नव्या हापसीचं सगळं पाठ होतं, पण पान्हा धरताना तो डावा उजवा चुकला, म्हणून मला पुढे बोलावलं. नवीन साखळी, नवीन वाटी, मलाही आधी दोन दिवस त्याच्याकडून शिकावं लागलं. मग मी शिकवलं. सोळा बाया. शिखरचंदही मागे येऊन उभा होता. शेवटी किन्हीच्याच एका नव्या सुनेने विचारलं, "काकू, या बोअरचं पानी सगळ्यात आंधी कोनं भरलं?" तिने सहज विचारलं होतं. मला वाटलं होतं, तुला लिहिलं म्हणजे माझं संपलं. तसं नव्हतं.

मी सांगितलं. तुला लिहिलं तसंच, ओतलेल्या पाण्यासकट. शिखरचंद निघून गेला, अजून माझ्याशी बोलत नाही. दोन घरच्या बाया आता वाटेत भेटल्या तर दुसरीकडे पाहतात. ते त्यांनी सहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

वर्ग उठल्यावर रुपाबाई दोर गुंडाळत होती. मी तिला म्हटलं, तूही जा. ती म्हणाली, "मले तवाच ठाऊक होतं जी. मी पाह्यली होती तिले हापसीवर. तुमी कधी सांगता म्हनून वाट पाहून राह्यली होती." मी विचारलं, मग इतकी वर्षं माझ्यासोबत काहून फिरलीस? ती म्हणाली, "तुमाले एकटीले पाइप उचलला असता काय?" मग तिने दांडा मारला आणि लोटा माझ्यापुढे धरला. मी प्याले. गोड पाणी आहे, ज्ञानू. कंचन म्हणाली नव्हती, पण तिला नक्की तसंच लागलं असेल.

आता एक किरकोळ खोटं राहिलं आहे, तेही सांगून टाकते. दांडा करकरत नव्हता. ग्रीस कुठून घालायचं ते मला माहीत होतं. पाइपाची एखादीच कांडी बदलतात हेही माहीत होतं. पहिल्या वर्षीचं वाटीचं आणि जिवाणीचं सोडलं, तर तुला जे जे विचारलं त्याचं उत्तर आधी लोहाराला विचारून घेतलेलं असायचं. मग मी पत्र लिहायला बसायचे.

हा एक प्रश्न मात्र मी कोणाला विचारलेला नाही, आणि मला याचं उत्तर ठाऊक नाही. तू घरी येशील का?

बाई